दाजींचं सात अठ्ठावन्नचं कार्ड

१

दाजी सकाळी सात अठ्ठावन्नला कामावर हजर झाले होते. तसं त्यांच्या कार्डावर काळ्या शाईत छापलेलं होतं. आणि त्याच दिवशी दुपारी साडेबाराला ते खाणीच्या रस्त्यावर, मोरीखाली सापडले. सायकल अंगावर, मांडीचं हाड मोडलेलं आणि अंगातलं रक्त वाहून गेलेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, "साडेसातच्या सुमाराला पडलेत हे. दोन तास आधी आणलं असतं तर वाचले असते."

म्हणजे जो माणूस साडेसातपासून मोरीखाली पडून होता, त्याने आठला दोन मिनिटं कमी असताना कारखान्यात येऊन कार्ड पंच केलं. आता बोला!

मी त्या कुलपांच्या कारखान्याची टाइमकीपर. एकोणीस वर्षं गेटजवळच्या काचेच्या खोलीत बसून माणसं कधी येतात आणि कधी जातात ते बघते. मला सगळे घड्याळबाई म्हणतात. जीभ जरा तिखट आहे, पण कोणाचं वाईट व्हावं असं कधी मनात आणलं नाही. म्हणूनच तो दिवस अजून मला सोडत नाही.

दाजी हे कारखान्यातले किल्ल्यांचे कारागीर. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ आमच्याकडेच स्प्रिंग बसवायच्या टेबलावर. तो त्यांना दाजी म्हणायचा म्हणून सगळा कारखाना दाजी म्हणायला लागला, आणि तो स्वतः झाला सगळ्यांचा मेव्हणा. दाजींच्या बायकोला आम्ही ताई म्हणतो.

त्या सकाळी नऊला ताईचा फोन आला.

"घड्याळबाई, हे पोचले ना हो? बस आलीच नाही आज. खाणीच्या रस्त्याने सायकल हाणत गेलेत. म्हटलं विचारावं."

मी मान वळवून रॅककडे बघितलं. आमच्याकडे दोन रॅक आहेत. डावीकडे 'बाहेर', उजवीकडे 'आत'. आलं की 'बाहेर'मधलं आपलं कार्ड काढायचं, घड्याळात घालायचं, वेळ छापून घ्यायची आणि 'आत'मध्ये लावायचं. आठपर्यंत काळी शाई, आठनंतर लाल. दाजींचं कार्ड 'आत'मध्ये होतं. काळी शाई.

"आलेत हो ताई," मी म्हटलं. "सात अठ्ठावन्नला. काळजी करू नका."

तिने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि फोन ठेवला. तिकडे तिचा नवरा त्या वेळी जिवंत होता.

२

तुम्ही म्हणाल, दिवसभर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? दाजी नमुन्याच्या खोलीत एकटे काम करायचे. दार बंद, आतून कानस घासल्याचा आवाज आला तर आला. दुपारच्या सुटीपर्यंत त्यांना कोणी हाक मारत नसे.

आणि सायकल का? तर आठवाज्यांमुळे.

आठवाजे हे आमच्या मॅनेजरसाहेबांचं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. सात महिन्यांपूर्वी आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "आठ म्हणजे आठ." महिन्यात तीन लाल शिक्के पडले की घरी. बस वाटेत बंद पडली, टायर फुटला, ड्रायव्हरच आला नाही, काही चालायचं नाही. "बस माझी नाही, वेळ माझी आहे," असं म्हणायचे. सात महिन्यांत चार माणसं काढली. चारही चांगली कामाची. बस मात्र पूर्वी यायची तशीच, तिच्या मनाला येईल तेव्हा यायची.

दाजींना त्या महिन्यात दोन लाल शिक्के पडले होते. आजारी आईला उठवून, औषध देऊन मगच निघायचा त्यांचा नेम होता, त्यामुळे पहाटेची बस त्यांना कधी मिळायची नाही. तिसरा शिक्का म्हणजे नोकरी गेली. म्हणून त्या सकाळी बस आली नाही तेव्हा तो पन्नाशीचा माणूस खाणीच्या उतारावर जीव खाऊन सायकल मारत होता.

तिसऱ्या दिवशी आठवाज्यांनी सगळ्यांना गेटपाशी गोळा केलं. चेहरा गंभीर. मेलेल्या माणसाचं कार्ड कोणीतरी पंच केलं, हा गुन्हा आहे, म्हणाले. मग नव्या वॉचमनला पुढे बोलावलं.

"त्या सकाळी आठच्या तोंडावर कामगारांपैकी रॅकपाशी कोण दिसलं?"

वॉचमनने मान खाली घातली. "स्प्रिंगवाला. मेव्हणा. एक मिनिट कमी होतं आठला."

तिथल्या तिथे मेव्हण्याला कामावरून दूर केलं. चौकशी पुढच्या सोमवारी, मालकांसमोर.

ती बातमी त्याच्याआधी त्याच्या बहिणीकडे पोचली. संध्याकाळी तो तिच्या दारात गेला, तर ती उंबऱ्यातच उभी राहिली. "तू कार्ड मारलंस म्हणून मला 'आलेत' असं सांगितलं गेलं. नाहीतर मी नऊला शोधायला धावले असते. तुझं तोंड दाखवू नकोस मला." आणि दार लावून घेतलं. आईवडिलांच्या मागे याच बहिणीने त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याला दुसरं घर नव्हतं हो.

तो माझ्याकडे आला. डोळे सुजलेले.

"घड्याळबाई, आईची शपथ, मी नाही मारलं कार्ड."

"मग रॅकपाशी कशाला कडमडला होतास?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "कार्ड मारायलाच गेलो होतो."

३

"मूर्खा!" मी ओरडले. "मग मारलं नाहीस म्हणतोस ते काय?"

"माझ्या आधीच मारलेलं होतं. 'बाहेर'मध्ये बघितलं तर त्यांचं कार्ड नाही. 'आत'मध्ये होतं. मला वाटलं, दाजी पोचले. मी परत टेबलावर गेलो. तिसऱ्या शिक्क्याच्या धास्तीने दोन दिवस झोप नव्हती, म्हटलं सुटलो."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "कसं होतं कार्ड? नीट आठव."

"सरळ होतं," तो म्हणाला. आणि मग त्याचेही डोळे मोठे झाले. "सरळ होतं, घड्याळबाई!"

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे एक रीत आहे, फार जुनी, कुठे लिहिलेली नाही. एखाद्याची बस अडकली की त्याचा सोबती त्याचं कार्ड मारतो. चूक आहे, माहीत आहे, उपदेश नको. पण मारणारा ते कार्ड 'आत'मध्ये उलटं लावतो, नाव खाली करून. माणूस आला की तो स्वतः ते सरळ करतो. उलटं कार्ड म्हणजे माणूस अजून रस्त्यात आहे. साडेआठपर्यंत उलटंच राहिलं तर मी त्याच्या घरी फोन करते. तीन वर्षांपूर्वी पॅकिंगमधली एक पोरगी अशीच सापडली, बस स्टॉपवर चक्कर येऊन पडलेली. तासाभरात दवाखान्यात नेली, आज तिला दोन मुलं आहेत. आठवाजे आल्यापासून सगळे भीतभीत करायचे, पण रीत मोडली नव्हती.

मग दाजींना दोन शिक्के पडले कसे? तर त्या दोन्ही दिवशी मेव्हणाही त्याच अडकलेल्या बसमध्ये होता. कार्ड मारणार कोण!

नऊ वाजता ताईला मी छातीठोकपणे 'आलेत' म्हटलं, ते शाई बघून नाही. कार्ड सरळ होतं म्हणून म्हटलं. सरळ म्हणजे माणूस आत, हे माझ्या हाडात मुरलेलं. कोणीही कामगार दुसऱ्याचं कार्ड सरळ लावणार नाही, झोपेतसुद्धा नाही.

म्हणजे ज्याने हे केलं, त्याला आमची रीत ठाऊक नव्हती.

पण हे सांगायचं कसं? सांगितलं तर एकोणीस वर्षं मी डोळे मिटून बसले, हे आलंच. नोकरी माझी जाणार, आणि कदाचित अर्ध्या कारखान्याचीही. न सांगितलं तर हा पोरका पोरगा बहिणीच्या लेखी खुनी.

सोमवारला पाच दिवस होते.

४

रीत ठाऊक नसणारे कोण? महिन्याभरापूर्वी आलेला वॉचमन आणि आठवाजे. बाकी सगळे जुने.

आधी वॉचमन. शेजारी स्टुलावर बसवला आणि सहज बोलता बोलता एक कोरं कार्ड उलटं करून 'आत'मध्ये खोचलं. त्याने बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"काय रे, कार्ड उलटं लागलंय की."

"असू द्या," तो पुटपुटला. "येईल ज्याचं त्याला सरळ करायला."

म्हणजे पठ्ठ्याला महिन्यात सगळं कळलं होतं! मी हसले, पण हसू लगेच विरलं. "त्या दिवशी तुला साहेबांनी काय विचारलं? कामगारांपैकी कोण दिसलं, असंच ना?"

"हो."

"आणि कामगार सोडून?"

त्याने आजूबाजूला बघितलं. "बाई, माझी कंत्राटाची नोकरी आहे."

"आणि मेव्हण्याचं काय आहे?"

तो उठून उभा राहिला. "पाहुणे येणार होते ना त्या दिवशी. साहेब गेटवर आले. पाहुण्यांची गाडी आली तर मला म्हणाले, तू जा, मागे गाडी लावून दे. मी गेलो. परत येताना मेव्हणा दिसला. मधलं मला माहीत नाही."

पाहुणे! बरोबर. आमच्या कुलपांच्या मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं त्या दिवशी कारखाना बघायला आली होती. आदल्या संध्याकाळीच आठवाज्यांनी दम भरला होता, म्हणून दाजी सोडून सगळे पहाटेची बस धरून पावणेआठलाच आत होते. आणि मला त्यांनी सात पन्नासला वर मीटिंगच्या खोलीत पाठवलं होतं, हजेरीची पुस्तकं मांडून ठेवायला. "गेट मी बघतो," असं म्हणाले होते. मी खाली आले तेव्हा आठ दहा झाले होते.

तेवढ्यात आठवाजे स्वतःच आले. रॅकवर नजर गेली आणि कपाळाला आठी. "ही कार्डं नीट लावता येत नाहीत का कोणाला?" म्हणून हात पुढे केला आणि ते उलटं कार्ड सरळ करून निघून गेले.

मी आणि वॉचमन एकमेकांकडे बघत राहिलो.

५

पण नुसतं एवढ्यावर कोणाला धरता येत नाही. कार्ड सरळ केलं म्हणून का कोणी दोषी ठरतं? आणि आठवाज्यांनी दाजींचं कार्ड का मारावं? त्यांना तर तो तिसरा शिक्का हवाच असणार. ज्याने लाल शिक्क्यांवर चार माणसं घरी बसवली, तो दुसऱ्यासाठी खोटा काळा शिक्का मारील? माझं मलाच पटेना. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी अभिप्रायाची वही हाताशी आली. पाहुणे जाताना त्यात चार ओळी लिहून जातात. त्या दिवसाचं पान उघडलं. नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं:

'ठीक आठ वाजता आम्ही स्वतः पाहिलं. "बाहेर"च्या रॅकमध्ये एकही कार्ड शिल्लक नव्हतं. अशी शिस्त आम्ही आजवर कुठेच पाहिली नाही.'

कुठे दिसणार, म्हटलं मनाशी. आणि वही मिटता मिटता माझा हात थांबला.

एकही कार्ड नव्हतं? असं कसं होईल? पॉलिशच्या खात्यातल्या मावशी तर रजेवर होत्या! लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवस. रजेवरच्या माणसाचं कार्ड 'बाहेर'मध्येच राहतं, ते कोणी हलवत नाही. अख्ख्या कारखान्याला त्यांची रजा ठाऊक होती, मुलगा होणार की मुलगी यावर पैजासुद्धा लागल्या होत्या. मग ते कार्ड गेलं कुठे?

दाजींची बातमी आल्यावर त्या दुपारी कारखाना सोडला होता, आणि मी रडत रडत उरलेली कार्डं गठ्ठ्याने उचलून परत 'बाहेर'मध्ये लावली होती. एकही बघितलं नव्हतं.

मी धावले. मावशींचं कार्ड उपसलं. रजेच्या सगळ्या तारखा कोऱ्या होत्या. एक सोडून.

त्या दिवशी, काळ्या शाईत, सात अठ्ठावन्न.

मी तिथेच जमिनीवर बसले.

६

सोमवारी मालकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मालक, थकलेले, सत्तरीचे. आठवाजे. मेव्हणा कोपऱ्यात. वॉचमन दाराशी. आणि मी, हातात दोन कार्डं आणि ती वही.

आठवाज्यांनी सुरुवात केली. पुरावा स्पष्ट आहे, नातेवाईक आहे, रॅकपाशी दिसला आहे.

"मालक, मला बोलायचंय," मी म्हटलं, आणि उलट्या कार्डाची सगळी रीत सांगून टाकली. काही लपवलं नाही.

आठवाजे उठलेच. "ऐकलंत? कबुली आहे ही! एकोणीस वर्षं खोटी हजेरी!"

"खोटी होती," मी म्हटलं. "पण कोण आलं नाही हे त्या खोट्यातून मला कळायचं. साहेब, आता हे दुसरं कार्ड बघा. मावशी त्या दिवशी दवाखान्यात लेकीच्या उशाशी होत्या. त्यांचं कार्ड कोणी मारावं? त्यांना शिक्का चुकवायचा नव्हता. मेव्हण्याला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. आमच्यापैकी कोणालाच नाही. ज्याला माणसं ठाऊक नव्हती, ज्याला फक्त रॅक रिकामं हवं होतं, त्यानेच ही दोन कार्डं मारली. दोन्ही एकाच मिनिटाला, दोन्ही सरळ. मला वर पाठवलेलं, वॉचमनला मागे पाठवलेलं. गेटवर एकच माणूस होता."

मालकांनी वही वाचली. दोन्ही कार्डं बघितली. मग सावकाश मान वर केली. "तुम्ही?"

आठवाजे खुर्चीत बसले. "पाहुणे पायऱ्या चढत होते," ते म्हणाले. "दोनच कार्डं उरली होती. मी नावंसुद्धा वाचली नाहीत. म्हटलं, येतीलच पाच मिनिटांत. संध्याकाळी बघू, त्यांना लाल शिक्का देऊ, असं ठरवलं होतं."

मला वाटलं होतं मला राग येईल, त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटेल. पण मी नुसती सुन्न झाले. नावं वाचली नाहीत! एका माणसाचा जीव गेला तो कोणी त्याच्यावर दात धरला म्हणून नाही, तर त्याचं नाव वाचायला कोणाला सवड नव्हती म्हणून.

"आणि या पोरावर ढकललंत?" मालकांचा आवाज कापत होता.

मालकांनी आठवाज्यांना बाहेर जायला सांगितलं, कायमचं. तीन शिक्क्यांचा नियम त्याच दिवशी रद्द झाला. मी माझ्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. मालकांनी ती माझ्याकडे परत सरकवली. "तुमचं नंतर बघू," म्हणाले. "आधी याला त्याच्या बहिणीकडे घेऊन जा."

७

ताईने दार अर्धंच उघडलं. मेव्हणा माझ्या पाठीमागे उभा होता, तिच्याकडे न बघता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रीत, सरळ कार्ड, पाहुणे, आठवाजे. ती ऐकत होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती.

"म्हणजे याने कार्ड मारलं असतं तर ते उलटं असतं?" तिने विचारलं.

"हो."

"आणि उलटं असतं तर तुम्ही मला साडेआठलाच फोन केला असता?"

"हो, ताई."

"मग ते वाचले असते."

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. याला निर्दोष ठरवायच्या नादात मी कुठे येऊन पोचले ते मला तिच्या दारात कळलं.

ती आता भावाकडे बघत होती. "तू गेला होतास ना रे मारायला? मग त्या माणसाच्या आधी का नाही गेलास?"

"साहेब गेटवर उभे होते," तो म्हणाला. "मला भीती वाटली. ते पायऱ्यांकडे गेले, मगच मी निघालो." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला एक मिनिट उशीर झाला, ताई."

तिने दार पूर्ण उघडलं, त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत ओढलं. तो तिच्या खांद्यावर कोसळला. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग दोघंही मोठमोठ्याने रडायला लागली.

मी पाऊल पुढे टाकलं, तर तिने मान वर केली.

"तुम्ही आज येऊ नका, घड्याळबाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमचा आवाज ऐकला की मला तो फोनच आठवतो. 'आलेत हो ताई' म्हणालात ना तुम्ही, ते आठवतं. मी त्यानंतर निवांत चहा करून प्यायले."

आणि तिने दार लावून घेतलं.